बघून सांगा

घड्याळजींनी हेल्मेट चढवलं, मोटरसायकल ढकलत फाटकापाशी आणली आणि उभे राहिले. कशासाठी थांबलोय, ते त्यांचं त्यांनाच जरा उशिरा कळलं. मान स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळली होती. खिडकी बंद. बायको गेली त्याला वर्ष होत आलं, पण मानेला कोण समजावणार!

रोज त्या खिडकीतून ती विचारायची, "हवा?"

"आहे."

"ब्रेक?"

"लागतोय."

"चाकाचा नट?"

"घट्ट."

ही सगळी उत्तरं सीटवर बसून, मागे न बघता. मग ती चिडायची. "तोंडानं काय, कुणीही सांगेल. बघून सांगा!" आणि हे पुटपुटत खाली उतरायचे. लोकांच्या घड्याळांतले तिळाएवढे स्क्रू जन्मभर भिंगातून बघितले, पण स्वतःच्या गाडीकडे वाकून बघायचं म्हणजे जिवावर यायचं. असतात एकेक माणसं.

खिशातला फोन वाजला. लेक होती.

"निघालात का, बाबा?"

"हे काय, निघालोच."

"बसनं या ना."

"बसमध्ये लोंबकळायचं वय आहे का माझं?"

"आणि गाडीवरून पडायचं आहे?"

मागच्या महिन्यात साइड स्टँड न काढताच निघाले आणि पहिल्याच वळणावर आडवे झाले. कोपर अजून ठणकत होतं. पडल्याचं लेकीला कळलं होतं, पण कोपराचंही सांगायला काय वेड लागलंय?

"आता एकदा जरी पडलात ना, तर मी येऊन गाडी विकून टाकीन. सांगून ठेवते. सगळं बघितलंत ना?"

"बघितलं."

फोन खिशात टाकला, पण पाय काही उचलेना. लेक बोलल्याप्रमाणे करणारी होती. आईवरच गेलेली. दुकान तर केव्हाच बंद झालं होतं. गाडी होती म्हणून दिवसातून एकदा कुणाच्या तरी दारात उभं राहता यायचं, कुणी "या, बसा" म्हणायचं. गाडी गेली की उरली खुर्ची आणि चार भिंती.

आजूबाजूला कुणी नाही, असं बघून ते हळूच म्हणाले, "हवा?"

अंगठ्यानं टायर दाबला. "आहे."

आपलाच आवाज ऐकून त्यांना लाज वाटली. तरी रेटलं. "ब्रेक?"

"लागतोय."

"चाकाचा नट?"

"घट्ट." सवयीनं निघूनच गेलं. मग ते थांबले आणि जरा चढ्या आवाजात म्हणाले, "बघून सांगा!"

गाडी मधल्या स्टँडवर चढवून ते वाकले. मागच्या चाकाचा नट दोन बोटांनी फिरला, बाटलीचं झाकण फिरावं तसा.

घड्याळजी पायरीवर बसले. काल संध्याकाळी त्यांनी चाकाचा नट सैल करून चेन टाइट केली होती. मेकॅनिक हवाय कशाला, आपला हात जगन्नाथ! नट बोटांनी बसवला, आता पान्यानं आवळायचा, तेवढ्यात आतून दूध उतू गेल्याचा वास आला. धावले. गॅस बंद केला, ओटा पुसला, पातेलं घासलं, उरलेलं दूध प्यायले आणि झोपले. पूर्वी दूध वर आलं की आत कुणीतरी असायचं.

"मेलो असतो की आज," ते म्हणाले. भर हायवेवर चाक निसटलं असतं आणि लेकीला भलत्याच कुणाचा तरी फोन गेला असता.

ते आत जाऊन पाने घेऊन आले. उजवीकडून नट आवळायला घेतला, तर चाकातला लांब बोल्टच नटाबरोबर गरागरा फिरायला लागला. त्याचं डावीकडचं डोकं कुणीतरी दुसऱ्या पान्यानं धरून ठेवावं लागतं. ते काम तिचं. ती पलीकडे उकिडवी बसून दोन्ही हातांनी पाना धरायची आणि सारखं विचारायची, "झालं का?" हे ओरडायचे, "धर गं, सोडू नकोस!"

त्यांनी इकडून हात घालून बघितला, तिकडून घालून बघितला. दोन्हीकडे एकदम पोचेना. एवढ्याशा नटापायी त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांना स्वतःचाच राग आला.

तशातच डावीकडचं मागचं फुटरेस्ट दिसलं. ती मागे बसायची तेव्हा यावर पाय ठेवायची. ती गेल्यापासून ते मिटलेलंच होतं, सांध्यात माती साचलेली. घड्याळजींनी फुंकर मारली, जोर लावून ते उघडलं. एक पाना बोल्टच्या डोक्यावर बसवला, दांड्यात पाइप अडकवून तो लांब केला आणि पाइपचं टोक फुटरेस्टवर टेकवलं. मग उजवीकडे येऊन नटावर सगळा जोर लावला. पाइप फुटरेस्टवर दाबला गेला. बोल्ट जागचा हलला नाही.

"झालं," ते म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

त्यांनी नट पुन्हा एकदा पान्यानं ओढून बघितला. चाक फिरवून बघितलं. साइड स्टँड वर आहे का, तेही वाकून बघितलं. पाने आत ठेवले, गॅस बंद आहे ना, ते बघितलं आणि निघाले.

सिग्नलला शेजारी थांबलेल्या स्कूटरवरच्या बाईनं हाक मारली. "अहो काका, मागचं फुटरेस्ट उघडं राहिलंय तुमचं! मागे तर कुणीच नाही."

"बघितलंय," घड्याळजी म्हणाले.