दोन्ही हूक

साईराजनं तिसऱ्या मचाणावर आपल्या कमरेच्या पट्ट्याचे दोन्ही हूक वरच्या तारेतून काढले आणि मिशीला पीळ दिला.

खाली त्याचा दोस्त मोबाइल धरून उभा होता. "शेठ, जरा कडंला या की. फांदी आडवी येतीया."

साईराज कडेला आला. मचाण आंब्याच्या बुंध्याला पंचवीस फुटांवर बांधलेलं होतं.

शेजारच्या झाडावरून अंकितानं, वर चढणाऱ्यांची सुरक्षा सांभाळणाऱ्या त्याच्या धाकट्या बहिणीनं, ते पाहिलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर तो दचकला असता. मागं रांगेत असलेल्या एका पाहुण्या बाईंना तिनं हातानंच थांबवलं आणि झुलत्या पुलावर पाय टाकला. आधी स्वतःचा एक हूक पुढच्या तारेत, मग दुसरा. घाई करावीशी वाटत होती, पण तिनं केली नाही.

मचाणावर पोचताच तिनं पहिल्यांदा त्याच्या कमरेचा पट्टा मुठीत धरला आणि आपल्याजवळचा जादा हूक त्याला अडकवला. मगच बोलली.

"दादा, खाली उतरायचं."

"अगं, फोटोपुरतं सोडलं. पडलो का?"

"दोन्ही हूक सुटलं की माणूस खाली. सकाळी समद्यांना हेच सांगितलंय मी. त्यात तूबी हुतास."

साईराजनं खाली पाहिलं. आज झाडाझाडांवरून दोरी-तारेनं फिरायच्या या साहस-बागेचा पहिला दिवस. सोनं गाळायच्या धंद्यात सोळा वर्षं कोइमतूरला काढून तो खास यासाठी विट्याला आला होता. आमराई घरची, दोऱ्या-तारा त्यानं आणवलेल्या, आणि त्याच्याच हौसेखातर पावणेरावळे जमलेले. सगळ्यांच्या माना वर होत्या.

"चार लोकांत माझी शोभा करतीस व्हय? झाडं कुनाची हायती?"

"आपली. म्हनूनच."

"मग उद्यापासनं कामावर येऊ नगंस."

"न्हाई येत. आज खाली उतर."

तिनं सुटकेचा दोर त्याच्या पट्ट्याला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि त्याला कडेवरून सोडलं. साईराज दोराला लोंबकळत, मध्येच अर्धा फिरत, खाली आला. कुणी हसलं नाही. दोस्तानं मोबाइल खिशात घातला.

साईराज हेल्मेट काढून तडक गाडीकडे निघाला. त्याची बायको विजयमाला त्याच्या मागं गेली नाही. ती मुलीच्या मागं उभी होती. दहा वर्षांच्या ऋचाला पट्टा चढवलेला होता आणि आता तिचाच नंबर होता.

अंकिता शिडीनं खाली आली. पट्टा तपासायला पुतणीपुढं गुडघ्यावर बसली आणि सैल वाटलेलं बक्कल सोडून पुन्हा लावू लागली. ते लागेना. दोनदा निसटलं.

"आत्या, मी जाऊ?"

"थांब बाळा."

कुणीतरी शेजारी येऊन बसलं. साईराज होता; लेकीचा नंबर आलेला पाहून गाडीपासून परत फिरला होता. त्यानं बक्कल लावलं, पट्टा ओढून पाहिला, मग मांडीवरचे दोन्ही पट्टे ओढून पाहिले. बारीक सोनं हाताळणारी त्याची बोटं स्थिर होती. अंकितानं त्यानं तपासलेलं सगळं पुन्हा एकदा तपासलं. त्याचा त्याला राग आला नाही.

ऋचा वर चढली. पहिला हूक, दुसरा हूक. पहिल्या मचाणावरून दोरीच्या जाळीवर आली. वारा नव्हता, तरी जाळी हलत होती. ऋचाचा एक पाय भोकातून खाली घसरला, तिनं तो वर काढला आणि पुढं सरकली.

साईराज खालून तिच्याबरोबर चालू लागला. ती एक पाऊल टाकी, तो एक पाऊल टाकी. मान वर, आणि दोन्ही हात झेलायला पुढं केलेले.

अंकितानं शिट्टी फुंकली.

"तारंखाली कुनी थांबायचं न्हाई. दादा, बाजूला हो."

साईराज बाजूला झाला. हात मात्र त्यानं खाली घेतले नाहीत.