मंजुरीसाठी नमुना

"मी मेले, तर ती काय करणार?"

हा प्रश्न विचारायची पैज गार्गी आणि हजरा या मैत्रिणींनी लावली होती. एलिशाची हिंमत झाली नाही, तर तिने महिनाभर करक चहा पाजायचा; झाली, तर त्या दोघींनी. एलिशा कसली हरते! जानेवारीत हर्डल्समध्ये शाळेचा विक्रम मोडल्यापासून ती कुणालाही काहीही विचारायची, आणि तेही मोठ्याने.

श्रेयस हसला. परदेशी शिकायला जाणाऱ्या खेळाडूंचे करार त्या जाहिरात कंपनीत तोच बघायचा.

"चार वर्षांचा करार आहे," तो म्हणाला. "ती पूर्ण करेल."

तो तिच्याशी मराठीत बोले. एलिशाला कळायचं सगळं. उत्तर मात्र ती इंग्रजीत द्यायची. घरीसुद्धा तसंच.

"पण ती हवीच कशाला? मी आहे ना!"

"तू ऑगस्टमध्ये अमेरिकेला चाललीस. आधी तिथे कॉलेजच्या खेळाडूने जाहिरात केली, तर त्याला खेळूच देत नसत. दोन हजार एकवीसमध्ये नियम बदलला, आता चालतं. पण तू जाणार विद्यार्थी व्हिसावर, आणि त्या व्हिसावर असलं काम करता येत नाही. उद्या आणखी काय बदलेल, देव जाणे. म्हणून काम तू करायचंच नाहीस." त्याने भिंतीवरच्या पडद्याकडे बोट केलं. "ती करेल. इथे, दोहात."

पडद्यावर एलिशा उभी होती. तीच वेणी, तोच हनुवटीवरचा व्रण. ती पापण्यासुद्धा मिटत होती.

मार्चमध्ये तीन दिवस त्यांनी एलिशाला कॅमेऱ्यांच्या गोल पिंजऱ्यात उभं केलं होतं. हसवलं, रडवलं, पळवलं. भारतातल्या जाहिरातींसाठी मराठी वाक्यंही वाचून घेतली. तिला 'ळ' काही जमेना. 'डोळे' म्हणायला गेलं की 'डोले' व्हायचं. श्रेयस म्हणाला होता, राहू दे, तो आम्ही घालू.

"नमुनाच आहे हा," तो आता म्हणाला. "मंजूर झाला की खरं काम सुरू. बोल की तिच्याशी."

"हाय! काय म्हणतेस?"

"मी बरी आहे," पडद्यावरची मराठीत म्हणाली. "मम्मीचा गुडघा मात्र सकाळपासून दुखतोय."

एलिशा श्रेयसकडे वळली.

"हे मी कधी वाचलं नव्हतं," एलिशा म्हणाली.

"ऐकून ऐकून शिकते ती." श्रेयसने कागद तिच्यापुढे सरकवले. "घरी नेऊन वाच. तू अजून सतराची, म्हणून खाली सहीची जागा आई-वडिलांची आहे."

"डॅडी म्हणाले आहेत, तू ठरव. मी हो म्हटलं तर हो, नाही म्हटलं तर खलास."

"छान," श्रेयस म्हणाला.

दारातून बाहेर पडताना तिने मागे वळून पाहिलं. पडद्यावरची हात हलवत होती. हात हलवायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

घर अल अझीझियात, चालत दहा मिनिटं. मे महिन्याचं ऊन पायाखालून वर येत होतं. एलिशाने मैत्रिणींना मेसेज टाकला: 'विचारलं! यल्ला, चला, करक तयार ठेवा.' एरवी तिने सोबत नाचणाऱ्या बाहुल्याही पाठवल्या असत्या.

मम्मीचा गुडघा.

गेले काही दिवस मम्मी स्टुलावर बसून चपात्या लाटत होती खरी. का, ते एलिशाने विचारलं नव्हतं. मम्मीनेही सांगितलं नव्हतं. कानात इअरफोन घालून ती आपली हसत असायची.

एप्रिलभर ती रडली होती. एलिशाची बॅग उघडली की रडायची, मिटली की रडायची. आणि रोज संध्याकाळी तेच: "बाय माझी, जाण्याआधी एकदा तरी माझ्याशी मराठीत बोल गं." मग दहा दिवसांपूर्वी दोन्ही बंद झालं. रडणंही आणि ते मागणंही. सवय झाली तिला, असं एलिशाने मैत्रिणींना सांगितलं होतं. किती बरं वाटलं होतं तेव्हा!

सिग्नलला उभ्या उभ्याच तिचं ठरलं. नाही म्हणायचं. चेहरा माझा, आवाज माझा. अमेरिकेत जाऊन नुसतं पळेन. आणि आज मम्मीचा गुडघा चेपून देईन.

ती जिने धावतच चढली. दाराबाहेर ऐकू आलं, आत कुणीतरी मराठीत बोलत होतं. वसईच्या मावशीचा फोन असेल. तिने दार ढकललं, चपला उडवल्या आणि आत शिरता शिरताच ओरडली,

"मम्मी, डॅडी, आय हॅव डिसायडेड! आय अ‍ॅम नॉट सायनिंग!"

दोघं जेवणाच्या टेबलाशी बसली होती. डॅडींच्या हातात उघडं पेन होतं. समोर तेच कागद, तिच्या पिशवीत होते तसलेच. खाली दोन सह्या. व्हिनेगरच्या बाटलीला टेकवून मम्मीचा फोन उभा केलेला होता.

"डोळे पूस बघू," फोनमधला आवाज म्हणत होता. "मी कुठेही जाणार नाही, मम्मी."

मम्मीने वळून पाहिलं. कुरिअरवाला चुकून आत आला तर बघावं, तसं. मग तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ती म्हणाली. "एलिशा बोलतेय."