दुबळी बोटं

घड्याळजी नंबरबिंबर न बघता तरातरा डॉक्टरांच्या खोलीत घुसले. मागून दोन वर्षांच्या नातीला कडेवर घेऊन सून धापा टाकत आली.

"कोण म्हणतं हिची बोटं दुबळी आहेत?" घड्याळजी गरजले.

सहा महिन्यांपूर्वीही ते याच खोलीत असेच तणतणले होते. पक्षाघाताच्या झटक्याने उजवा हात लुळा पडला होता आणि डॉक्टरांनी त्या हातात स्पंजचा चेंडू देऊन "दाबा" म्हटलं होतं. चाळीस वर्षं केसाएवढे स्क्रू बसवणाऱ्या माणसाला चेंडू! "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" म्हणत त्यांनी तो डाव्या हाताने भिरकावला. दुकानाला कुलूप घातलं, किल्ली सुनेपुढे टाकली आणि घरी बसले ते बसलेच.

मग एक दिवस सून दवाखान्याची चिठ्ठी घेऊन आली. "बाबा, डॉक्टर म्हणतात आपल्या खारूताईची बोटं दुबळी आहेत. रोज घरी खेळ घ्यायचेत. ती फक्त तुमचं बघूनच करते हो. आधी तुम्ही करायचं, मग ती. आणि उजव्या हातानेच, नाहीतर पोरीला उजवं-डावं कळायचं नाही."

घड्याळजींच्या अंगाचा तिळपापड झाला. जी पोर जमिनीवरची मुंगी चिमटीत पकडते, आजोबांच्या कानातले केस उपटते, तिची बोटं दुबळी? त्यांच्यात काढा हवी तेवढी खोट, पण नातीत? त्यांनी चंगच बांधला. सकाळ-संध्याकाळ दोघं मांडी ठोकून बसू लागले. स्पंजने या वाडग्यातलं पाणी त्या वाडग्यात पिळायचं. रद्दीच्या पट्ट्या फाडायच्या. बुटाच्या नाडीत बटणं ओवायची. ताटलीच्या कडेला कपड्यांचे चिमटे लावायचे. खारूताईचे दहा चिमटे लावून व्हायचे, तोवर आजोबांचा पहिलाच तिसऱ्यांदा निसटलेला असायचा. ती टाळ्या पिटून हसायची. घड्याळजी दातओठ खात तो पुन्हा उचलायचे.

आणि आज चहाच्या वेळी सून म्हणाली, "अजून दोन महिने चालू ठेवा म्हणतात डॉक्टर." झालं! कप तसाच टाकून घड्याळजी उठले होते.

आता त्यांनी खिशातून नाडी आणि बटणं काढून टेबलावर आपटली. "ओव गं बाई, दाखव यांना!"

खारूताईने अनोळखी माणूस बघून आईच्या खांद्यात तोंड खुपसलं.

"माझं बघून करते ती," घड्याळजी पुटपुटले. त्यांनी उजव्या चिमटीत बटण धरलं आणि नाडी ओवली. एक. दोन. पाच. नात खुदकन हसली, कडेवरून उतरली आणि तिनेही पटापट दोन ओवली.

"बघितलंत? कुठे दिसली खोट?"

डॉक्टर नातीकडे बघतच नव्हते. ते घड्याळजींच्या हाताकडे बघत होते.

"काका, या मुलीला मी आज पहिल्यांदाच बघतोय," ते म्हणाले. "ती चिठ्ठी तुमची होती."

घड्याळजींनी हातातल्या नाडीकडे पाहिलं. मग गर्रकन वळून सुनेवर बोट रोखलं.

"लबाड कुठली!" ते कडाडले. "दुकानाची किल्ली काढ आधी!"