लेट म्हणजे उशीर

“हे पहिलं काय लिहून राह्यला?” म्हाताऱ्यानं विचारलं.

जब्बार पेंटर स्टुलावर उभा होता. नांदुरा स्टेशनच्या फलाटावर, बायकांचा डबा थांबतो त्या टोकाला, नवी पाणपोई झाली होती. तिच्या फळीवर कोणीतरी खडूनं इंग्रजी अक्षरं आखून ठेवली होती. मलकापूरहून आलेल्या जब्बारला त्यांत फक्त निळा रंग भरायचा होता. मराठी फळी उद्या होती.

“नाव आहे, चाचा. अन्नपूर्णाबाई.”

“ते समजलं. अन्नपूर्णा माह्या घरची. तिच्या नावाआधी काय आहे?”

जब्बारचा ब्रश थांबला.

महाराष्ट्र झाल्यापासून त्याला काम भरपूर होतं. कचेऱ्यांवरचं ‘मुंबई राज्य’ पुसायचं आणि नवं नाव लिहायचं. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण हा चार अक्षरांचा शब्द त्यानं बऱ्याच ठिकाणी रंगवला होता. दवाखान्याच्या बाकावर, धर्मशाळेच्या दारावर. मेलेल्या माणसाच्या नावाआधी तो लिहितात, एवढं त्याला पक्कं माहीत होतं.

त्यानं खाली पाहिलं. म्हाताऱ्याच्या अंगात जुना कोट होता, हातात पितळी लोटा. कोटाच्या खिशावर पांढरे डाग पडले होते.

“चाचा, चुना असन त द्या थोडा. तंबाखू आहे माह्यापाशी.”

“मी खात नाही. तू शब्द सांग.”

“लेट,” जब्बार म्हणाला.

“म्हणजे?”

“लेट म्हणजे उशीर. गाडी लेट आहे म्हणतात ना, तेच.”

“म्हणजे तिले उशीर झाला?”

“हाव.”

“पण येईल?”

जब्बारनं ब्रश डब्यात ठेवला. “लेट गाडी येतेच, चाचा. क्यान्सल झाली त गोष्ट निराळी. इथं तसं कुठं लिहिलं?”

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि बाकावर बसला. लोटा त्यानं मांडीवर ठेवला.

“अकोल्याच्या दवाखान्यात गेली ती. भाऊ होता संग. मले सुट्टी नव्हती. म्हणाली, दोन दिवसांत सांजच्या पॅसेंजरनं येतो.” त्यानं फलाटाच्या दुसऱ्या टोकाकडे बोट केलं. “पहिले नळ फलाटाच्या त्या टोकाले होता. कुठंही जाताना तिले इथंच तहान लागे. लोटा घेऊन उतरे, अन् मी खिडकीतून बोंबलत बसो. गाडी हलली की पळत येई. अर्धं पाणी लोट्यात, अर्धं लुगड्यावर. वरून मलेच म्हणे, काऊन बोंबलता? तुमच्या बोंबलण्यानंच गाडी भिऊन पळते.”

जब्बार हसला. म्हाताराही हसला.

तेवढ्यात तिकीटबाबू शेषराव बिडी ओढत बाहेर आला. पॅसेंजर अजून आली नव्हती. जब्बारनं त्याला डोळ्यानं खूण केली.

“बाबू, या चाचाले सांगा बरं. लेट म्हणजे काय?”

शेषरावानं म्हाताऱ्याला पाहिलं आणि बिडीचा हात पाठीमागं नेला.

“लेट म्हणजे उशीर,” तो म्हणाला.

“आणखी?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“आणखी... फार जुन्या काळी थकलेल्या माणसाले म्हणत. हळू चालणाऱ्याले. त्यावरून मग उशीर आला.”

जब्बार त्याच्याकडे बघत राहिला. त्याला हे ठाऊक नव्हतं.

“आणखी?”

शेषरावानं फळीकडे पाहिलं. निळा रंग अजून ओला होता. त्यानं मान खाली घातली.

“आणखी नाही.”

“नक्की?”

“नक्की. दोनच.”

म्हाताऱ्यानं बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

“थकली होतीच ती,” तो म्हणाला. “हळूच येईल.”

तो उठला आणि पाणपोईच्या माठातून लोटा भरून घेतला.

पॅसेंजर आली. म्हातारा बायकांच्या डब्याजवळ गेला. एकेका खिडकीत वाकून बघू लागला. एका बाईनं खिडकीतून पेला पुढं केला. त्यानं तो भरला. दुसरीनं मुलासाठी पाणी मागितलं. लोटा रिकामा झाला तसा तो परत येऊन भरून घेऊन गेला. गार्डनं शिट्टी दिली. गाडी हलली तरी तो खिडक्यांबरोबर थोडा चालला, मग थांबला.

“आज नाही आली,” परत जाताना तो म्हणाला. “उशीर आहे.”

फाटकाबाहेर तो दिसेनासा होईपर्यंत जब्बारनं ब्रश उचलला नाही.

“अनपढ माणसाशी खोटं बोललो, बाबू. अल्ला माफ करो. पण तुम्हीबी तिसरा अर्थ गिळलाच.”

शेषरावानं विझलेली बिडी रुळांवर टाकली.

“तुले हे अक्षरं कोणं आखून देल्ले?”

“कोणाले माहीत? सकाळी आलो त आखलेलेच होते. पण हात मोठा सुंदर आहे. एक रेघ वाकडी नाही.”

नावातली शेवटची अक्षरं अजून रंगवायची होती. शेषरावानं त्यांतल्या एकावर हलकेच बोट ठेवलं. बोटाला खडू लागला.

“हायस्कुलात आमच्या फळ्यावर हाच हात होता,” तो फाटकाकडे बघत म्हणाला. “या शब्दाचे तिन्ही अर्थ सरांनीच शिकवले आम्हाले.”