जिवंत माणसाचं नाव

"मी आर्मिन वेल्टनर," गाईडने छत्री उंच धरून सांगितलं. "याच गल्लीत जन्मलो, इथंच टक्कल पडलं. मागे राहाल तर मी शोधायला येणार नाही, आधीच सांगून ठेवतो."

सगळे हसले. घोळक्याच्या शेवटी उभा असलेला म्हातारा तेवढा हसला नाही. त्याचंही नाव आर्मिन वेल्टनरच होतं. वय चौऱ्याहत्तर. बावन्न वर्षांनी तो बुडापेस्टात आला होता, तोही पार माँटेव्हिडिओहून. आपला जुना ज्यू मोहल्ला एकदा डोळे भरून पाहावा, आणि इल्काचं नाव कुठल्या दगडावर कोरलेलं सापडतंय का ते बघावं, एवढंच त्याच्या मनात होतं. इल्का म्हणजे त्याचं लग्न ठरलं होतं ती मुलगी. लढाईत ती गेली, असं त्याच्या धाकट्या भावाने, देझोने, कळवलं होतं.

त्याने गाईडची हनुवटी नीट पाहिली. हुबेहूब देझोची. शंकेला जागाच नव्हती.

डोब रस्त्यावरच्या एका घराच्या चौकात गाईड थांबला. "हे आमचं घर. माझ्या थोरल्या काकाला इथून मजूर पलटणीत घालून पूर्वेला नेलं. पेरलेले सुरुंग हाताने काढायला लावले. तिकडेच गेला बिचारा. मी जन्मलो तेव्हा त्याचं नाव मला ठेवलं. आमच्यात जिवंत माणसाचं नाव बाळाला कधीच ठेवत नाहीत. ठेवलं तर मृत्यूचा दूत गोंधळतो आणि त्या नावाच्या थोरल्या माणसाचा नंबर आधीच लावून टाकतो."

"पण काका गेले हे नक्की कळलं होतं का?" एका बाईने विचारलं.

"बाई, सुंतेच्या दिवशी साऱ्या मोहल्ल्यासमोर नाव पुकारलं! त्याहून पक्का दाखला सरकारसुद्धा देत नाही."

स्वतःच्या मरणाची ही हकीकत म्हाताऱ्याने उभ्याउभ्या ऐकली. "तुमचा जन्म कधीचा?" त्याने कसंबसं विचारलं.

"सत्तेचाळीसचा ऑक्टोबर. का हो आजोबा, स्थळ आहे का माझ्यासाठी?"

पुन्हा हशा. म्हाताऱ्याच्या पायाखालची जमीन सरकली होती. सत्तेचाळीसच्या जूनमध्ये त्याने रशियन कैदेतून भावाला पत्र टाकलं होतं. 'मी जिवंत आहे, इल्का कशी आहे?' ऑगस्टमध्ये उत्तर आलं. 'इल्का गेली. घरही गेलं. सुटलास की इकडे येऊ नकोस.' अक्षर देझोचंच होतं. म्हणजे त्याला ठाऊक होतं! सगळं ठाऊक असताना दोन महिन्यांनी त्याने मोठ्या भावाचं नाव पोराला ठेवलं, आणि आर्मिनला जिवंतपणी पुरलं.

"आता वर बघू नका," गाईड सांगत होता. "तिसऱ्या मजल्यावर आमची आई राहते. इल्का वेल्टनर. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, पण हिच्या जिभेची धार काही कमी नाही. कुणी खिडकीकडे टक लावून बघितलं की वरून पाणी ओतते."

इल्का! म्हाताऱ्याने वर बघितलं. सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता. सत्तेचाळीस वर्षं तो ज्या बाईसाठी दरसाल मेणबत्ती लावत आला, ती इथं देझोचा संसार करत होती.

घोळका सिनेगॉगकडे वळला तसा तो जिना चढू लागला. पहिल्या मजल्यावर त्याचा संताप नुसता उसळत होता. तिला सगळं सांगायचं. तुझा नवरा काय लायकीचा होता ते कळू दे. दुसऱ्या मजल्यावर धाप लागली म्हणून तो थांबला, आणि थांबल्यावर तिचा विचार मनात आला. त्या बिचारीला तरी काय माहीत? तीही फसलीच की. जन्मभर ज्याच्यासोबत जेवली, झोपली, तो मेल्यावर त्याचं पाप उकरून तिच्या पदरात टाकायचं? उरलेली चार वर्षं तिने कशाच्या आधारावर काढायची? तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याचं ठरलं होतं.

दार उघडंच होतं. ती खसखशीचं सारण वाटत बसली होती. तिने मान वर केली आणि तिचा हात थांबला.

"आर्मिन," ती म्हणाली.

"घाबरू नकोस, इल्के. मी भूत नाही." तो उभ्याउभ्याच घाईने बोलू लागला. "कैदेत होतो. मग समुद्रापलीकडे गेलो. पत्र टाकायची कधी सोयच नव्हती. देझोला तरी कसं कळणार? त्याने माझं नाव पोराला ठेवलं, बरंच केलं. फार माया होती त्याची माझ्यावर. माझी कुणाबद्दल काही तक्रार नाही."

बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. भावाला त्याने वाचवलं होतं, तिलाही.

इल्काने एप्रनला हात पुसले. पुसतच राहिली.

"खोटं बोलू नकोस रे," ती म्हणाली. "तुला कधीच जमलं नाही. तुझं पत्र आलं तेव्हा मला सातवा महिना होता. तुझा भाऊ ते पत्र छातीशी धरून लहान पोरासारखा रडला. म्हणाला, दादा जिवंत आहे, त्याला बोलावून घेऊ, मग व्हायचं ते होऊ दे."

"मग त्याने येऊ नकोस असं का लिहिलं?"

"मी सांगत गेले, तो लिहीत गेला. सुंतेच्या दिवशी दाराआड गयावया करत होता, दुसरं कुठलंही नाव ठेव, हे नको म्हणून." ती आता सरळ त्याच्याकडे बघत होती. "नाव मी ठेवलं, आर्मिन. तू खरंच मरावंस म्हणून ठेवलं."