आठ वर्षांवरील

बाबांकडे सुटे भाग जोडून बनवायच्या विमानांचे चौदा डबे होते आणि बनवलेलं विमान एकही नव्हतं. डबे लोखंडी कपाटात, उन्हाने रंग उडू नये म्हणून कपाटाला पडदा, ओल धरू नये म्हणून प्रत्येक डब्याशेजारी ओलावा शोषणारी पुडी. घरातल्या गाद्यांना बुरशी आली तरी चालायची, डब्यांना नाही.

माझी धाकटी बहीण, ठेंगू, रोज कपाटापुढे धरणं धरून बसायची.

"बाबा, आज एक तरी जोडू या ना."

"डब्यावर काय लिहिलंय, वाच."

"आठ वर्षांवरील मुलांसाठी."

"आणि तू?"

"पावणेआठ. पण चप्पल मला नऊ वर्षांच्या मुलीची लागते!"

"मग चपलेला पाठव."

काल सकाळी बाबांनी आपणहून कपाट उघडलं, चौदाही डबे जमिनीवर मांडले आणि एकेक उलटसुलट करून पाहिला. एकाचाही कोपरा दुमडला नव्हता.

"बघ," ते मला म्हणाले, "सगळं जसंच्या तसं आहे."



काल ठेंगू आठ वर्षांची झाली असती.