सॉरेल खोऱ्यातलं कुरण

डेन्झिल लोकार्ड ओसरीवर आला, पण त्याने ऑर्फाला बसा म्हटलं नाही.

"माझं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, ऑर्फाबाई. उगाच चढ चढलात."

ऑर्फा स्टिडम स्वतःच पायरीवर बसली. आदल्या दिवशीच ती वॉशिंग्टनहून बसने परतली होती. पाय सुजले होते. सॉरेल खोऱ्याचं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान व्हावं म्हणून ती म्हातारी होईपर्यंत झगडली. संसदेत विधेयक आलं आणि बारगळलं, पुन्हा आलं, पुन्हा बारगळलं. या खेपेला समितीच्या अध्यक्षांनी स्पष्टच सांगितलं होतं, की जमीनमालक नाही म्हणत असेल तर कायदा होणार नाही.

जमीन डेन्झिलची होती. त्याच कुरणात एके काळी संपकरी खाणकामगारांचे तंबू होते, आणि त्या तंबूंवर कंपनीच्या बंदूकवाल्यांनी पहाटे गोळ्या झाडल्या होत्या. मेलेल्यांत ऑर्फाचा बाप क्लेल होता. गोळ्या झाडणाऱ्यांत डेन्झिलचा बाप होता.

डेन्झिलने हे शाळेत ऐकलं होतं, मग त्याच्या मुलांनी ऐकलं. आता सरकार त्याची पाटी लावणार आणि लांबलांबचे लोक ती वाचायला येणार.

"तुमचं बरं आहे," तो म्हणाला. "तुमच्या बापाला हार घालतात. माझ्या बापाच्या थडग्यावर थुंकतात."

ऑर्फाने नजर समोरच्या डोंगराकडे वळवली.

"पुढारी कुठल्या तंबूत झोपतात, हे कंपनीला माझ्या बापानं सांगितलं," ती म्हणाली. "माझा भाऊ तापानं फणफणला होता. कंपनीनं डॉक्टर पाठवायचं कबूल केलं होतं. सांगून बाप परत तंबूत आला, आणि गोळ्या काही माणूस ओळखत नाहीत. आईनं मरताना मला सांगितलं."

डेन्झिल हळूच तिच्या शेजारी टेकला. डॉक्टर आला होता का, असं त्याने विचारलं. ऑर्फाने मान हलवली. नव्हता आला.

"मग हे झाकूनच ठेवा की," तो म्हणाला. "उद्यान कशाला मागता?"

"गावात मी दोनदा तोंड उघडलं, डेन्झिल. दोन्ही वेळा मला गप्प केलं. म्हातारीला भ्रम झालाय म्हणाले. गावाला हुतात्मा हवाय. सरकारी पाटीवर हे एकदा लिहिलं गेलं की मग कुणाला गप्प करता येत नाही."

दुसऱ्या दिवशी डेन्झिलने वॉशिंग्टनला होकार कळवला. शरदात कायदा झाला.

उद्घाटनाला खोरं लोटलं होतं. ऑर्फा माइकपुढे उभी राहिली आणि नव्या पाटीवर लिहिलेलं बापाविषयीचं सगळं तिने सांगितलं. टाळी वाजली नाही. लोक एकेक करून उठले आणि तिच्याकडे न बघता आपापल्या गाड्यांकडे गेले. कुणीतरी जाता जाता क्लेलच्या नावापुढचा हार उचलून नेला.

रिकाम्या खुर्च्यांत डेन्झिल एकटाच उरला. तिला वाईट वाटलं का, असं त्याने विचारलं.

"नाही रे," ऑर्फा म्हणाली. "आज पहिल्यांदा तो नुसता माझा बाप आहे."